विसापूरच्या सभापतींचं देणं

वि. स. पागे यांना मी कधी पाहिलं नाही. 1990 साली ते गेल्याची बातमी पेपरात वाचली, तेव्हा मी चिंचवडच्या एका कारखान्यात पगार विभागात कारकून होतो. जेवणाच्या सुटीत शेजारच्या टेबलावरच्याला म्हणालो, "आमचे पागेसाहेब गेले." त्याने डबा बाजूला सारून विचारलं, "जवळचे होते का?" मी हो म्हणालो. पुढे काही सांगत बसलो नाही, कारण सांगायला गेलं तर ती हकीकत जेवणाच्या सुटीत मावणारी नव्हती.

पागे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले, विसापूरचे. आम्ही साताऱ्याच्या माण तालुक्यातले. जात वेगळी, पक्ष वेगळा. आमचे आण्णा आयुष्यभर शेतकरी कामगार पक्षाला मत देत आले आणि पागे पक्के काँग्रेसवाले. त्यांचं भाषण मी ऐकलेलं नाही, त्यांची सही असलेला एखादा कागदही आमच्या घरात नाही. तरीही आईच्या, थोरल्या बहिणीच्या आणि माझ्या पोटात जी भाकरी गेली, तिच्यातली कितीतरी त्यांच्या डोक्यातून निघालेल्या रोजगार हमी योजनेची होती. हल्ली राजकारणी म्हटलं की तोंड वाकडं करायची पद्धत पडली आहे. चहाच्या टपरीवर मीसुद्धा त्यात मागे नसतो. पण राजकारणाने आपल्याला काय दिलं असं कुणी फणकाऱ्याने विचारलं, की माझी जीभ जरा अडखळते. मला दिलेलं आहे. कुणी दिलं, कसं दिलं आणि कुणाच्या खिशातून दिलं, हेही पुढे बसल्या जागी कळत गेलं.

माणदेशात दुष्काळ नवा नाही. पाऊस कमी आणि मेंढरं फार, असा आमचा मुलूख. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव इंग्रजी अमदानीत दुष्काळी कामातून उभा राहिला. म्हणजे आमच्या पणज्यांनीही खडी फोडलेली आहे. पण बहात्तरची गोष्ट निराळी. आधीची दोन वर्षंही धड गेली नव्हती. तिसऱ्या वर्षी आभाळाने पाठच फिरवली. मी दहा वर्षांचा होतो. त्या वयात दुष्काळ म्हणजे काय ते उमगत नाही, एकेक वस्तू घरातून नाहीशी होताना दिसते तेवढंच. आधी दूध गेलं, मग दूध देणारी म्हैस गेली. कणगीच्या तळाला हात लागला तेव्हा आईने कणगी आडवी करून झाडून घेतली.

मग मिलो आली. अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी. ज्यांनी ती खाल्ली आहे त्यांना तिची चव सांगायला नको आणि ज्यांनी खाल्ली नाही त्यांना सांगून कळायची नाही. पिठाला चिकटाई नावालाही नसे. भाकरी थापताना कडेने फाटायची आणि तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन तुकडे व्हायचे. आई उकळत्या पाण्यात पीठ मळून बघायची, तरी व्हायचं तेच. शेवटी तिने भाकरीचा नाद सोडला आणि घाटा करून वाढायला सुरुवात केली. आण्णा म्हणायचे, "जनावराला घालत्यात म्हनं तिकडं." आई म्हणायची, "मग गुमान खावा, आपल्याला कोन मानसं म्हंतंय?"

दुष्काळी काम निघालं ते गावापासून दोन-अडीच मैलांवर, माळावर. पहिल्यांदा रस्त्याचं, मग खडी फोडायचं, मग पाझर तलावाचं. खडीचं काम बायकांचं. बोटांना चिंध्या गुंडाळून, उन्हाला पाठ करून, बारक्या हातोडीने दगडाचे तुकडे करायचे. संध्याकाळी ओव्हरसियर येऊन ढीग टेपाने मोजायचा आणि वहीत लिहायचा. आईच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख त्या वर्षी गेलं ते पुढे नीट आलंच नाही. कामावर आम्हा पोरांना सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. ती हातात घेऊन मी दगडांच्या ढिगाऱ्यावर बसायचो. सुकडीसाठी कामावर जायचं की शाळेत, हा प्रश्न आमच्या मास्तरांनीच सोडवला: हजेरी घेऊन ते आम्हाला दहा वाजता सोडून द्यायचे. 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती, असं पुढे कधीतरी वाचनात आलं. हा आकडा वाचला तेव्हा मला आधी आईचं ते बोट आठवलं.

त्या कामांची चेष्टाही पुष्कळ झाली आणि ती सगळी खोटी नव्हती. फोडलेली खडी पडायची तिथेच पडून राहिली. आमच्या माळावर तिचे ढीग कितीतरी वर्षं होते आणि त्यांत सरडे राहायचे. रस्ते कुठे जात होते ते रस्त्यांनाच ठाऊक. पण भूकबळीने गावं ओस पडली नाहीत. शंभर वर्षांपूर्वी, 1876-77 च्या दुष्काळात, याच दख्खनवर माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली होती. बहात्तरला पाऊस पडला नाही, पीक आलं नाही, तरी माणूस तगला. माळावर काम होतं, आठवड्याला का होईना हातात पैसे पडत होते आणि दुकानात वाईटसाईट का होईना धान्य होतं.

इथे जरा वाट सोडून बोलतो. आम्हाला शाळेत टिळकांची गोष्ट होती ती शेंगांची आणि टरफलांची. 1896 च्या दुष्काळात सरकारच्याच दुष्काळ संहितेत रयतेला काय काय हक्क आहेत ते टिळकांनी आणि सार्वजनिक सभेच्या माणसांनी गावोगाव पोचवलं, हे मला कारखान्यातल्या वाचनालयात पुस्तक चाळताना कळलं. त्याही आधी, 1876-77 च्या त्या दुष्काळात, गणेश वासुदेव जोशी आणि रानडे यांच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली होती. टरफलं मी उचलणार नाही, हे पोराला शिकवायला सोपं. सरकारचाच नियम सरकारपुढे धरून काम माग, हे शिकवायला अवघड. पण आमच्या मुलखाला उपयोगी पडलं ते दुसरं.

पागे यांचं मोठेपण मला तिथेच दिसतं. दुष्काळ पडल्यावर काम काढणं हे इंग्रजही करत होते. ती दया होती. आभाळ फाटलं की सरकारने द्यायची आणि पाऊस पडला की बंद करायची. पाग्यांनी उलटा प्रश्न विचारला: जिराईत गावातल्या भूमिहीनाला आणि दोन एकरवाल्याला दुष्काळ तर दर उन्हाळ्यात असतो, मग काम फक्त दहा वर्षांतून एकदाच का? 1965 साली विसापूर परिसरातल्या काही गावांत हा प्रयोग सुरू झाला. मागेल त्याला काम, आणि कामही असं की त्यातून माती अडावी, पाणी मुरावं. त्या वेळी ते विधान परिषदेचे सभापती होते. 1960 ला महाराष्ट्र झाला तेव्हापासून 1978 पर्यंत, म्हणजे अठरा वर्षं, ते त्या खुर्चीवर होते. आता सभापतींच्या हातात काय असतं? ना खातं, ना तिजोरी, ना बदल्या. समोरच्यांना बोलू द्यायचं आणि वेळ झाली की थांबवायचं. असल्या बिनसत्तेच्या खुर्चीवरून एका वकिलाने, संतवाङ्मयात रमणाऱ्या गांधीवाद्याने, मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या गळी ही योजना उतरवली. मंत्रिपदासाठी रुसून बसलेल्यांच्या बातम्या वाचताना मला त्या खुर्चीची हटकून आठवण येते.

योजना 1972 ला राज्यभर जाहीर झाली खरी, पण लगेच दुष्काळ अंगावर आला आणि तिची जागा दुष्काळी कामांनीच घेतली. आमच्याकडे 'रोजगार हमी' हा शब्द रुळला तो दुष्काळ ओसरल्यावर. बायका तिला 'हमी' म्हणत. "हमीवर जातीस का?" "हमीचा पगार झाला का?" आमच्या घरातून आई आणि थोरली बहीण जायच्या; उन्हाळ्याच्या सुटीत मीही घमेली उचलली. नालाबंडिंगचं काम, पाझर तलावाच्या भरावाचं काम. पुरुषाने खणायचं, बाईने घमेलं डोक्यावर घेऊन भरावावर टाकायचं. पगाराच्या दिवशी झाडाखाली टेबल मांडलेलं, त्यावर हजेरीपट आणि शाईचा पॅड. नाव पुकारलं की पुढे व्हायचं, अंगठा उठवायचा, पैसे मोजून घ्यायचे. बाईला वेगळा दर आणि बापयाला वेगळा, ही भानगड नव्हती. जेवढं खणलं-टाकलं तेवढं माप आणि त्या मापाचे पैसे.

हे बारीकसं वाटेल, पण आमच्या घरात त्याने उलथापालथ झाली. त्याआधी आईने रानात कितीही राबलं तरी पैसा आण्णांच्या हातात यायचा, कारण बाजार त्यांचा, हिशेब त्यांचा. हमीचे पैसे तिच्या अंगठ्यावर मिळाले. पहिल्या पगाराला तिने काय आणलं असेल? गूळ, माझ्यासाठी पाटी आणि स्वतःसाठी एक कुलूप. घरात कुलूप लावण्याजोगं काही नव्हतं. पण तिने पेटी पुढे ओढली, उरलेले पैसे लुगड्याच्या घडीत ठेवले, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. आण्णा पाहत होते. काही बोलले नाहीत, तंबाखू मळत राहिले.

कायदा 1977 साली दोन्ही सभागृहांत एकमताने झाला. तो केला तेव्हा काँग्रेसचं सरकार होतं आणि 26 जानेवारी 1979 ला तो अमलात आला तेव्हा शरद पवारांचं पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार. मधल्या काळात माणसं फुटली, सरकार पडलं, एकमेकांना काय काय बोलून झालं. कायदा मात्र कुणी फिरवला नाही. विरोधी बाकांवरच्या मंडळींचंही त्यात देणं आहे. लाल निशाणवाले, शेकापवाले, समाजवादी यांनी हमीच्या मजुरांच्या संघटना बांधल्या, वेळेवर पगारासाठी तहसील कचेऱ्यांवर मोर्चे नेले. त्यांच्या रेट्याशिवाय पाग्यांची कल्पना फायलीतच वाळली असती, हे मला स्पष्ट दिसतं. आणि आत खुर्चीवर कुणी ऐकणारा नसता तर मोर्चे दहिवडीच्या स्टँडवरूनच परत गेले असते, हेही दिसतं. आमच्या आण्णांना हे पटायचं नाही. "काँग्रेसनं आपनहून कायबी दिलं न्हाई," एवढं एकच त्यांचं पालुपद.

कायद्याची खरी ओळख मला 1979 च्याच उन्हाळ्यात झाली. मी दहिवडीला अकरावी-बारावीला होतो. वाडीवरच्या बायकांना काम हवं होतं आणि काम निघत नव्हतं. संघटनेचे एक कार्यकर्ते सायकलवरून आले. धोतर, टोपी, खांद्याला शबनम. त्यांनी पारावर बसून नमुना 4 चा अर्ज दाखवला. कामाची मागणी या अर्जावर करायची. 15 दिवसांत काम द्यायचं बंधन सरकारवर. नाही दिलं तर बेकारभत्ता, दिवसाला किमान 1 रुपया. नवं काम काढायला निदान 50 मजूर हवेत. लिहिता येणारा मीच. दोन वाड्या फिरून मी नावं जमवली. एकीने विचारलं, "नाव लिवल्यावर जमीन तर जायाची न्हाई ना?" दुसरी म्हणाली, "माजं नगं लिहू, ह्यांचं लिव." तिला आईनेच फटकारलं, "खडी कोन फोडनार? तूच न्हवं? मंग नाव बी तुजंच."

अर्ज घेऊन आम्ही कचेरीत गेलो. ज्यांच्याकडे द्यायचे त्यांनी गठ्ठा हातात घेतला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि "या आता" म्हणाले. बायका निघाल्या. कार्यकर्त्यांनी बजावलेलं एकच वाक्य माझ्या डोक्यात घुमत होतं: पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. मी पोच मागितली. साहेब म्हणाले, पोच लागत नाही. मी म्हणालो, कायद्यात आहे. माझा आवाज थरथरत होता हे मला ऐकू येत होतं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "कुणाचा रे तू?" आता आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर बापाचं नाव आणि वाडा सांगून देतात आणि मग विषय संपतो. आईने पुढे होऊन सांगितलं, "माजा हाय. आन् पावती घितल्याबिगर आमी उठत न्हाई." ती तिथेच फरशीवर बसली. मग बाकीच्याही बसल्या. पन्नासच्या वर बायका व्हरांड्यात पदर सावरून बसल्यावर त्या कचेरीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. तासाभराने पोच मिळाली. शिक्का थोडा पुसट होता, पण तारीख वाचता येत होती.

काम निघालं. मुदतीत निघालं असं नाही, पण निघालं. बेकारभत्त्याचा तो एक रुपया आमच्याकडे कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. कचेरीला रुपयाची भीती नव्हतीच. तो द्यावा का लागला याचा खुलासा वर पाठवायला लागला असता, भीती त्याची. पुढे मतदान, ग्रामसभा, माहितीचा अधिकार, सगळीकडे मी जो नागरिक म्हणून वावरलो, तो त्या व्हरांड्यात तयार झाला. लोकशाही हा शब्द मी नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पाठ केला होता. ती कशी चालते ते पाहिलं पोच घेताना.

साताऱ्याला रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजातून बी.कॉम. झालो. तिथेही 'कमवा आणि शिका'चं ऋण आहेच, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मग चिंचवडला नोकरी लागली. पगार विभागात पहिल्याच महिन्यात हेड क्लार्कनी माझ्यापुढे कपातीचा तक्ता टाकला: भविष्यनिर्वाह निधी, ईएसआय, सोसायटीचा हप्ता आणि पी.टी. म्हणजे व्यवसाय कर. आमचे हेड क्लार्क सदाशिव पेठेतले, अक्षर मोत्यासारखं आणि जीभ तिखट. मी सहज विचारलं, हा कर कशासाठी? ते म्हणाले, "रोजगार हमीसाठी. पंचाहत्तर सालापासून कापतात. तेव्हा युनियनने काय आरडाओरडा केला होता! आम्ही घाम गाळायचा आणि कुठल्याशा खेड्यात खड्डे खणायचे, म्हणून." मग चष्मा पुसत विचारलं, "तू कुठला रे?" मी माण सांगितलं. आई हमीवर जात होती, तेही सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे आमच्यातलं काही पोचलं म्हणायचं. बरं झालं. मला वाटलं होतं, मधल्यामध्ये सगळंच खाल्लं."

त्या दिवशी मी कायद्याचं पुस्तक काढून वाचलं. 1975 चा व्यवसाय कराचा कायदा. रोजगार हमीसाठी पैसा उभा करायचा हा हेतू त्याच्या मथळ्यातच लिहिलेला. आणि नुसत्या पगारदारांवर भार नव्हता. विक्रीकरावर, मोटारींवर, बागायत जमिनीवर, शहरातल्या बिगरनिवासी मिळकतींवर असा थोडा थोडा बोजा टाकलेला, आणि जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. म्हणजे आईच्या पेटीतल्या पैशात आमच्या हेड क्लार्कांचा वाटा होता, गिरगावातल्या बँकेत बसणाऱ्या एखाद्या बाईचा होता, फोर्टातल्या दुकानदाराचा होता आणि कृष्णाकाठच्या उसवाल्याचाही होता. त्यांतल्या कुणीही माण तालुका पाहिला नसेल. बऱ्याच जणांनी कपात बघून शिव्याच दिल्या असतील. हरकत नाही. शिव्या देत दिलेल्या पैशाचीही भाकरी होते.

अभ्यासक सांगतात की यात शहाणपणाइतकाच स्वार्थ होता. खेड्यातून मुंबई-पुण्याकडे निघालेले लोंढे शहरांना नको होते, बागायतदाराला गावातच मजूर हवा होता आणि तलावाच्या पाण्याचा लाभ ज्याची जमीन खाली त्यालाच व्हायचा. हे खरं आहे. आमच्या तलावाखालची विहीर ज्याची भरली तो कधी कामावर आला नव्हता, आणि भराव घालणाऱ्या निम्म्या बायकांच्या नावे गुंठाभर रान नव्हतं. योजनेचं हे अपुरेपण मला टोचतं. बोगस हजेरीही मी डोळ्यांनी पाहिली; एका हजेरीपटावर आमच्या गावच्या मेलेल्या दोन माणसांनी चांगला आठवडाभर खडी फोडली होती. तरीसुद्धा माझं मत असं की सार्वजनिक कामात हेतू शुद्ध असण्याची वाट पाहत बसू नये. चार स्वार्थ एकमेकांत अडकवून त्यातून गरिबाचा हक्क कायद्यात बांधून घेणं, यालाच राजकारण म्हणतात, आणि ते ज्याला साधतं त्याला मी मोठा राजकारणी म्हणतो. निष्कलंक राहून काहीच न करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही.

पुढे दिल्लीने हाच धागा उचलला. 2005 चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा झाला आणि 2 फेब्रुवारी 2006 ला तो देशातल्या 200 जिल्ह्यांत सुरू झाला. त्यामागे राजस्थानातल्या मजुरांचे लढे होते, ज्याँ द्रेझ यांच्यासारख्यांचा अभ्यास होता आणि महाराष्ट्राचा अनुभवही होता. केंद्राने हमी दिली ती एका कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची. आमच्या कायद्यात दिवसांचीही मर्यादा नव्हती आणि कुटुंबाचीही नाही, मागेल त्या सज्ञान माणसाला काम होतं. हा फरक मराठी माणसाने तरी विसरू नये. पण झालं असं की राष्ट्रीय योजना आल्यावर तिचा जन्म कुठे झाला हेच आपण विसरलो. विसापूरचं नाव सांगलीच्या पलीकडे कुणाला विचारून बघा.

आम्ही कपात करणारी माणसं निवृत्त झालो. व्यवसाय कर चालूच आहे. राज्यघटनेने त्याला वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे, म्हणून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत नवी पोरं पेस्लिप घेऊन यायची. "काका, हे दोनशे कशाचे?" मी सांगायचो. त्यांतला एखादा मोबाइलवरून मान वर न करता म्हणायचा, "फुकट्यांना पोसायचं आम्ही." मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मिलोची भाकरी कशी फाटायची ते सांगितलं. एकाला सांगता सांगता कळलं, त्याचे आजी-आजोबा आष्टीकडचे, बीड जिल्ह्यातले. त्याने घरी फोन लावला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "आजीपण होती. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

का सांगितलं नसेल, याचा मी विचार केला आहे. आमच्या पिढीला हमीवर गेल्याची लाज वाटते. सून आली, नातवंडं इंग्रजी शाळेत गेली, मग आपण घमेली वाहिली हे कशाला बोलायचं? 2017 नंतर आमच्या माण तालुक्यातही पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत श्रमदान झालं. शहरातून लोक आले, टीव्हीवाले आले, कुदळ हातात घेऊन फोटो निघाले. काम चांगलं झालं, मी त्याला नावं ठेवणार नाही. मीही एक दिवस गेलो होतो. पण आमची आई माळावर सालोसाल घमेली वाहत होती, तेव्हा एकही फोटो निघाला नाही. तिचं नाव आहे ते कुठल्यातरी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधल्या हजेरीपटात. नाव म्हणजे अंगठा. तो कागद वाळवीने सोडला असला तर.

पाग्यांचं देणं असं, की ते पाग्यांना फेडता येत नाही. हेड क्लार्कही गेले. राहिल्या त्या बायका. तुमच्या गावाबाहेर एखादा पाझर तलाव असेल, माळावर कुठेच न जाणारा रस्ता असेल, नाल्यावर गवत माजलेला बांध असेल, तर तो कुणी घातला ते विचारा. घरात आजी असेल तर तिच्याजवळ बसा. कामावर कोण कोण होतं, मुकादम कसा होता, पगार किती आठवडे थकला, कुणाचं बोट गेलं, सगळं विचारा आणि नावानिशी लिहून काढा. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि तिची पोच घ्या. बहात्तरला जी विशीत होती ती आता सत्तरी ओलांडून पुढे गेली आहे. हे काम पुढच्या सुटीवर टाकू नका.